चिकाचा पहिला वाटा

माझं माहेर माणदेशातलं, आटपाडीच्या बाजूचं. तिथं गाय व्याली की शेजारणी पहिल्यांदा विचारायच्या, "खोंड का कालवड?" खोंड म्हटलं की घराला हुरूप यायचा. खिल्लार गाईचं सगळं दूध त्यालाच सोडायचे, वर पेंडही. मोठा झाला की खरसुंडीच्या यात्रेत त्याची विक्री. माझ्या लग्नाचा खर्चही एका खोंडानंच उचलला. कालवड मात्र उरल्यासुरल्यावर वाढायची.

सासर प्रवरेकडचं, राहाता तालुक्यातलं. इथं सगळं उलटं. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि पुढे तिच्या कामातून गोठ्यागोठ्यांत संकरित गाई आल्या. शेतात ट्रॅक्टर आले. होल्स्टिन संकराच्या गोऱ्ह्याला जू पेलणारं वशिंड नाही, ऊनही सोसत नाही. त्यामुळे इथं कालवड झाली की पेढे वाटतात. आमच्या घरात कालवडी सांभाळून, गाभण करून विकायचा धंदा आहे आणि वासरांचं सगळं माझ्याकडे.

कालवडीचं पुढचं आयुष्य पहिल्या काही तासांत ठरतं, असं माझं ठाम मत आहे. गाईच्या पोटात असताना वारेतून वासराला रोगाशी झुंजायची ताकद मिळत नाही. ती चिकातूनच मिळते. आतड्यांची ती शोषून घ्यायची क्षमता तासातासाला घटते आणि दिवसाभरात जवळजवळ संपते. तीस-पस्तीस किलोच्या वासराला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे तीन-साडेतीन लिटर चीक लागतो. सासूबाईंच्या काळी वार पडल्याशिवाय चीक पाजत नसत. कधी वार पडायला रात्र जायची, आणि पुढे हगवणीनं वासरू गेलं की दृष्ट लागली म्हणायचे. मी दोन तासांच्या आत पाजते. खरवसाची वाट बघणाऱ्या शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशीचा चीक देते. सासूबाई आधी रागावल्या. आता रात्री गाय व्याली तर बाटली त्याच धुऊन आणतात.

गोऱ्ह्यालाही तेवढाच चीक मिळतो. हे मुद्दाम सांगते, कारण कित्येक गोठ्यांत त्याला उपाशी ठेवतात. 2015च्या कायद्यानं बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, पण त्यांना पोसायचं कोणी, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दावणीलाच राहिला. आता लिंगनिश्चित रेतमात्रेनं शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. मला त्यात नफ्याआधी सुटका दिसते: नकोशी वासरं जन्मालाच येत नाहीत.

विकताना गिऱ्हाईक कास बघतं, सड मोजतं, आईचं दूध विचारतं. चीक किती वाजता पाजला, जंताचं औषध कधी दिलं, चौथ्या ते आठव्या महिन्यात ब्रुसेलाची लस टोचली का, हे अंगावर कुठं दिसतं? ते माझ्या वहीत असतं. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, तेही मी वहीत लिहिते आणि तशी कालवड दुभतीच्या भावानं विकत नाही. यावरून घरात वाद झाले आहेत, होऊ देत.

लोणीच्या जनावरांच्या बाजारात उभ्याउभ्या वही कोण वाचणार? उपरण्याखाली बोटं धरून सौदा होतो, तो कासेचा. म्हणून माझ्या कालवडी गोठ्यावरूनच जातात. गिऱ्हाईक येतं, चहा होतो, मी वही पुढे ठेवते. ती न उघडता कुणी भाव विचारला, तर मीच पहिलं पान उघडून वाचायला लागते.