दुष्काळाच्या वाटेवरचे केडगाव

जळकोट कुठे आहे असे पुण्यामुंबईच्या माणसाला विचारले, तर तो सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गाजवळचे जळकोट सांगून मोकळा होतो. ते जळकोट वेगळे. आमचे जळकोट लातूर जिल्ह्याच्या ईशान्य कडेला, नांदेडच्या सीमेला टेकून बसलेले. बालाघाटाच्या उतरत्या रांगा, मुरमाड माळ, मधूनच काळ्या रानाचे पट्टे, त्यांत तूर, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन. गावाच्या नावात जळ आहे खरे. परंतु एप्रिल लागला की ते बहुधा नावातच शिल्लक राहते. बायामाणसांच्या डोक्यावर घागरी चढतात आणि टँकर आला की एरवी एकमेकांना वहिनी, मावशी म्हणणाऱ्या बायका एकमेकींच्या घागरी मोजू लागतात. दुष्काळ माणसाला नुसते उपाशी ठेवत नाही, तो त्याला हिशेबी करतो.

अशा गावाहून मी एका उन्हाळी सुट्टीत केडगावला निघालो. पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे लहानसे स्टेशन. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तिथे आहे. मराठी शिकविण्याचा माझा धंदा आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, एवढे निमित्त पुरेसे होते.

जळकोटहून उदगीरपर्यंत एस. टी.ने आलो. उदगीर म्हटले की शाळेतल्या पुस्तकातली १७६० ची लढाई आणि सदाशिवरावभाऊ आठवतात. आम्हा इकडच्या लोकांना मात्र उदगीर म्हटले की बीदर आठवते. उदगीर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होता, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाचा. बीदरच्या नावाबरोबर दामाजीपंतांची कथा येते. मंगळवेढ्याला बादशहाच्या धान्याच्या कोठारांवर नेमलेला हा माणूस. दुष्काळ पडला, दारात माणसे मरू लागली, तेव्हा त्याने बादशहाला न विचारता कोठारे उघडली. पुढे विठ्ठल विठू महाराचा वेष घेऊन बीदरच्या दरबारी गेला आणि धान्याची किंमत मोजून आला. इतिहास म्हणून ही कथा किती टिकेल ते इतिहासकारांनी पाहावे. परंतु कोठार ज्याच्या ताब्यात त्याची सत्ता, आणि ते उघडणारा हात म्हणजे त्या सत्तेचा अपराधी, ही गोष्ट आमच्या आजीलाही ठाऊक होती.

गाडीत शेजारी पंचाहत्तरीचे एक शेतकरी बसले होते. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि चौकशी सुरू केली.

"कुठं निघालाव, सर?"

"केडगावला, काका. पुण्याकडं."

"तिकडं कोन हाय तुमचं?"

मी रमाबाईंचे नाव सांगितले. दुष्काळात त्यांनी मुली आणून सांभाळल्या, हेही सांगितले. काकांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाले, "बहात्तरला आमी खडी फोडाय जात होतो. सुकडी मिळायची. पर मस्टरवर नाव चढवायचं तर मुकादमाच्या घरचं काम आधी करावं लागायचं. भाकरीपेक्षा ते लई लागायचं बगा." जरा थांबून त्यांनी विचारले, "त्या बाईनं काय करून घेतलं त्या पोरींकडनं?"

हा प्रश्न मी पुढच्या सगळ्या प्रवासात बरोबर घेऊन चाललो होतो. दानाला नेहमी असा एक मुकादम असतो का?

लातूरला रेल्वेत बसलो. याच लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. पहाटे कुर्डुवाडी मागे पडली, दौंडला उतरून पुण्याच्या बाजूची गाडी धरली आणि पाटस ओलांडून केडगावला आलो. ऊस, विहिरी, गुऱ्हाळे. आमच्या डोळ्यांना हा प्रदेश श्रीमंतच वाटतो. परंतु रमाबाईंनी १८९५ च्या सुमारास इथे जमीन घेतली तेव्हा ती काही अशी हिरवी नव्हती. शारदासदनाचा खर्च फळबागेतून निघावा एवढाच त्यांचा बेत होता.

शारदासदनाची हकीकत पुण्याच्या वाचकांना ठाऊकच असते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला ते उघडले, पुढच्या साली पुण्यास आले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी सदनावर मोठे वादळ आले. रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनात धर्माचा आग्रह होणार नाही असे त्यांचे वचन होते. पण त्या स्वतः प्रार्थनेस बसत, खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली त्यांच्याजवळ येऊन बसू लागल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांचा राग अगदीच निराधार होता असे मला म्हणवत नाही. ज्याच्या हातात अन्न आणि छप्पर आहे त्याची उघडी प्रार्थनाही कोवळ्या मुलीला हाकेसारखी वाटू शकते.

परंतु केडगावची गोष्ट समजायची तर आणखी मागे जावे लागते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले. दानधर्मात घर धुऊन गेले आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा रमाबाईंनी स्वतः खांदा दिला. उंची कमी म्हणून ते ओझे त्यांना डोक्यावर घ्यावे लागले. ज्या मुलीने हे केले तिला पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. लोकांनी पदवी लक्षात ठेवली. त्या स्वतः भूक विसरल्या नाहीत.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांच्या आसपास अनाथ मुलींचा बाजार करणारे लोक हिंडत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया सोडवून आणल्या. तोवर पुण्यात प्लेग आला होता. सरकारी नियमांमुळे इतक्या मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. तंबू आणि तात्पुरत्या झोपड्या, हे मुक्तिसदनाचे पहिले रूप. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या तोंडांना रोज घालायचे म्हणजे काय, हे ज्यांनी लग्नाच्या एका पंगतीची व्यवस्था पाहिली आहे त्यांनी मनाशी ताडून पाहावे. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या. माग घातले, तेलाचे घाणे चालविले, टोपल्या विणल्या, छापखाना काढला. आंधळ्या मुलींना रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवू लागल्या. समाजाने वाईट चालीच्या ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. रमाबाई स्वतः साधे पांढरे लुगडे नेसत आणि शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या.

ही झाली दया. पण दया नेहमी सरकारला आवडते. ती सरकारचे काम हलके करते. रमाबाईंची दया तशी नव्हती. मे १८९७ मध्ये, प्लेगच्या अंमलबजावणीने पुणे हैराण झाले असताना, 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात त्यांनी पत्र लिहिले. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांची कशी विटंबना होते, आपल्या सदनातल्या एका मुलीचे काय झाले, हे त्यांनी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारभाराला उद्देशून स्पष्ट लिहिले. प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. सरकारने आरोप नाकारले. राज्यकर्त्यांचा धर्म तोच आपला धर्म, तेव्हा जरा सांभाळून घ्यावे, असे त्यांनी मानले नाही. त्याच जून महिन्यात रँडवर गोळी झाडली गेली. तो मार्ग रमाबाईंचा नव्हता. परंतु त्या दिवसांत सरकारविरुद्ध स्वतःच्या नावाने लिहायला काय छाती लागत असेल, याची त्यावरून कल्पना येते.

इंग्लंडातही त्यांनी हेच केले होते. चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, हिंदुस्थानात ते शोभणार नाही, असा बिशपांचा सल्ला आला. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणा धर्मगुरूच्या हाती दिलेली नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी आपल्या धर्मभगिनीला दिले. घरच्या शास्त्रीमंडळींना न भिणारी बाई परकीय बिशपांना का भिईल?

हा विचार ख्रिस्ती परंपरेत फार जुना आहे. इसवी सन ३६८ च्या सुमारास आशिया मायनरमधील कॅपाडोशियात दुष्काळ पडला. तिथल्या बेसिल नावाच्या धर्मोपदेशकाने धान्य दडपून बसलेल्या श्रीमंतांना भर प्रवचनात फटकारले, स्वतः भुकेलेल्यांना वाढले आणि पुढे गावाबाहेर रोगी, महारोगी व वाटसरू यांच्यासाठी एक वसाहतच उभी केली. सम्राट व्हॅलेन्सचा अधिकारी त्याला धमकावायला आला, तेव्हा बेसिलपाशी जप्त करण्याजोगे काही नव्हते; त्यामुळे धमकी फुकट गेली. त्याच्या थोडे आधी सम्राट ज्युलियनने, जो ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक, आपल्या एका पुरोहिताला लिहिले होते की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, ही आपल्याला लाजेची गोष्ट आहे. सत्तेला तलवारीची भीती वाटते असे आपण समजतो. इथे ती परक्याला वाढलेल्या ताटाला भ्याली होती.

आमच्या मराठवाड्यातही याचा एक दुवा आहे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण कुळातून आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसविले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली, आणि गावोगाव वेशीबाहेर राहणारी मातंग समाजाची माणसे तिथे वेशीच्या आत राहू लागली.

आता काकांचा प्रश्न. त्या बाईने काय करून घेतले? उत्तर लपविण्यात अर्थ नाही. मुक्तिसदन उघड ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. हे कोणाला खटकले तर मी वाद घालणार नाही. मात्र त्या मुलींना ज्यांनी बाजारात उभे केले होते ते बहुतेक आपल्याच धर्मातले होते, आणि त्यांना सोडवायला आपल्यातले फार थोडे लोक गेले होते, हेही त्याच वहीत लिहावे लागेल. शिवाय रमाबाईंनी त्यांना नुसते पोसले नाही. अक्षर दिले, हाताला कसब दिले. ज्याला गुलाम हवे असतात तो मुकादम खिळे जुळवायला शिकवीत नाही.

त्या छापखान्यापाशी मी सर्वांत अधिक रेंगाळलो. रमाबाईंच्या बायबलचे टाइप मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच जुळविले. आधीच्या भाषांतराची मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, अशी रमाबाईंची तक्रार होती. संस्कृतात सहज बोलणारी ही बाई मराठीतून संस्कृत शब्द निवडून निवडून बाजूला काढीत बसली. त्यामुळे वाक्ये कधी खडबडीत झाली आहेत, कधी अवघड झाली आहेत. साहित्यिकांना ते भाषांतर फारसे मानवले नाही. पण विद्वत्ता हीसुद्धा एक इस्टेट आहे, आणि ती अशी वाटून टाकणारे पंडित मी फार पाहिलेले नाहीत. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. आईने काम सोडले नाही. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या.

मुक्तिसदनात आजही निराधार स्त्रिया आणि मुली राहतात. पुण्याहून केडगाव दीड-दोन तासांचे. दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे अशा संस्थांना जुने कपडे आणि उरलेला फराळ पोचविण्याची चाल आहे. ती वाईट नाही. पण तेवढ्यासाठी जाऊ नये. आधी कळवून, परवानगी घेऊन जावे, मुलांना बरोबर न्यावे आणि विहिरीपाशी थांबून त्यांना सांगावे की दुष्काळात ही खणली तेव्हा खणणाऱ्या बाईपाशी शिल्लक काही नव्हते. मुले विचारतील, मग तिने पैसे कुठून आणले? उत्तर द्यायला वेळ लागेल. परतीच्या गाडीत तेवढा वेळ मिळतो.