कयाधूच्या डोहात फोमचा बेडूक

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेतले फ्लाय फिशिंगवाले नदीवर पडीक असतात. स्मॉलमाउथ बास आणि मस्की हे त्यांचे हीरो. मस्कीला तर 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात! ऑनसाइटहून परतताना माझ्या एका मित्राने हे वेड सोबत आणलं. रॉड आला, पण नदी? म्हटलं, चल हिंगोलीला.

देवगिरी एक्स्प्रेसने परभणी, तिथून एसटी, वाटेत औंढा नागनाथाचं दर्शन, की आलंच हिंगोली. पाऊस ओसरलेला, सोयाबीन पिवळं पडलेलं, हळद मस्त हिरवीगार. संत नामदेवांच्या नरसीजवळून वाहणारी कयाधू या दिवसांत निवळू लागते आणि डोहाच्या कडेला, पाणकणसात, मरळ दबा धरून बसते. बास नाही, मस्की नाही; पण झडप घालण्यात ती कुणाला ऐकायची नाही.

फ्लाय फिशिंगचा फंडा असा की, वजन गळाला नसतं, दोरीला असतं. म्हणूनच पिसांची माशी किंवा फोमचा बेडूक लांब फेकता येतो. मरळ हवेतही श्वास घेते. त्यासाठी ती वर आली की पाण्यावर वलय उठतं. बेडूक त्याच्या जरा पलीकडे टाकायचा, दोन झटके द्यायचे, थांबायचं. झडप पडली की एक सेकंद कळ काढायची, मगच रॉड उचलायचा. (हा एक सेकंद अख्ख्या अप्रेझलपेक्षा लांब वाटतो.)

दोन सकाळी कोरड्या गेल्या. तिसऱ्या दिवशी पाण्यावर लालसर-केशरी ठिपक्यांचा पुंजका दिसला, जणू कुणी शेंदूर सांडलाय. मित्राने बेडूक नेमका तिथेच टाकला आणि पहिल्याच फेकीत पाणी फुटलं. हातभर मरळ!

काठावर जाळं सोडवत बसलेले भोई बाबा उठून आले. "लेकुरवाळी हाय ती. भुकेनं नाही, लेकरांपायी धावली. सोडा तिला."

तो पुंजका म्हणजे तिची पिल्लं. 'तिची' म्हणायचं, पण मरळीत बापही राखणीला असतो. जवळ येईल त्याच्यावर ते तुटून पडतात आणि राखणदार गेला की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. आम्ही ज्याला थरार समजत होतो, तो हा होता.

मित्र गप्प. तीन दिवसांची रजा, एकही फोटो नाही. गळाचा काटा आधीच पकडीने दाबलेला होता, म्हणून तो चटकन निघाला. ओल्या हातांनी त्याने मरळ पाण्यात सोडली.

तुम्ही जाणार असाल तर आधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला विचारा. पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणावर तर विचारल्याशिवाय गळ टाकूच नका. गमबूट घाला, गवतात साप असतात. आणि लाल पुंजका दिसला की पन्नास पावलं पुढे सरका.

बाबांनी पुढचा डोह दाखवला. दुपारपर्यंत तिथे वीतभर चिलापी मिळाली. काळ्या मसाल्यात, भाकरीबरोबर तिघांनी खाल्ली. मित्र ऑफिसात अजून सांगतो, मरळ निसटली.