साखळी कपड्यांच्या बॅगेला

मी पतसंस्थांचं लेखापरीक्षण करतो, त्यामुळे ऑफिस पाठीवरच असतं. नागपूरहून मुंबईला येणाऱ्या रात्रीच्या गाडीत बर्थखालच्या कडीत साखळी अडकवली आणि कुलूप ओढून दोनदा तपासलं. पण ती साखळी कपड्यांच्या बॅगेला होती. लॅपटॉपची बॅग उशाशी. डोक्याखालची वस्तू कोण नेतोय? शिवाय बॅगेवर लॅपटॉपच्या कंपनीचं नाव ठळक छापलेलं, म्हणजे आत काय आहे ते उघडून बघायचीही गरज नाही. मनमाडला जाग आली तेव्हा डोक्याखाली फक्त रेल्वेची उशी होती.

रेल्वेच्या १३९ला फोन केला. चोरी अकोल्याला झाली की जळगावला, हे मला सांगता येत नव्हतं; पण ‘झिरो एफआयआर’ कुठल्याही ठाण्यात देता येते, मग ती हद्दीप्रमाणे वर्ग होते. म्हणून कल्याणला उतरलो. हवालदारांनी सिरियल नंबर विचारला. मोबाइलला आयएमईआय असतो, त्यावरून तो बंद तरी पाडता येतो. लॅपटॉपच्या बाबतीत तळाशी चिकटवलेला नंबर, नाहीतर बिल. बिल मी व्यवस्थित स्कॅन करून ठेवलं होतं. कुठे, ते हवालदारांनी न सांगताच ओळखलं. बॅकअपची हार्डडिस्क? त्याच बॅगेच्या पुढच्या कप्प्यात.

तरीही मी निर्धास्त होतो, कारण लॅपटॉपला पासवर्ड होता. घरी आल्यावर भाच्याने विचारलं, “मामा, डिस्क एन्क्रिप्ट केली होतीस?” मग त्याने सांगितलं, की लॉगिनचा पासवर्ड फक्त ते यंत्र सुरू करणाऱ्याला अडवतो, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की सगळ्या फायली वाचता येतात. विंडोजचं एन्क्रिप्शन, बिटलॉकर, चालू असतं तर हाती निव्वळ कचरा लागला असता. तेव्हा कुठे माझ्या पोटात गोळा आला. यंत्राचे पैसे माझे होते. पण आत सभासदांची आधारकार्डं, पॅनकार्डं, कर्जखाती होती. त्याने लगेच मला ईमेलचा पासवर्ड बदलायला लावला आणि सगळीकडून लॉगआउट करायला लावलं. ब्राउझरमध्ये मी कायमचा लॉगिन होतो, ही मला सोय वाटत होती.

आता नवं यंत्र एन्क्रिप्ट केलंय. त्याची रिकव्हरी की घरी कागदावर आहे, बॅकअप वेगळ्या पिशवीत. प्रवासाआधी लॅपटॉप पूर्ण बंद करतो. स्लीपमध्ये ठेवला तर एन्क्रिप्शनची किल्ली मेमरीत तशीच राहते. झाकण नुसतं मिटायची सवय मात्र अजून सुटत नाही.

संस्थांना कळवणं भाग होतं. एकेका सचिवाला फोन केले, आवाज शक्य तितका सरकारी ठेवून. बहुतेकांनी ऐकून घेतलं. एकजण मात्र शांतपणे म्हणाले, “साहेब, गेल्या वर्षी आमच्या अहवालात ‘सभासदांची माहिती सुरक्षित ठेवलेली नाही’ असा दोष तुम्हीच काढला होता ना? त्याची दुरुस्ती आम्ही तीस दिवसांत केली होती.”