साब, भेजा था

लखनौ छावणीत जूनमध्ये अंधार पडल्यावरही लू निवत नाही. परवा मेसच्या व्हरांड्यात एक तरुण कॅप्टन लॅपटॉप घेऊन आला. एम.टेक.चा प्रोजेक्ट होता: मोबाईल ॲड हॉक नेटवर्कमधले स्वार्थी नोड कसे पकडायचे.

या नेटवर्कला टॉवर नसतो. प्रत्येक सेट स्वतःचं बोलतो आणि दुसऱ्यांचे निरोपही पुढे पोचवतो. त्यात बॅटरी जाते, म्हणून एखादा सेट स्वतःचं काम तेवढं करून घेतो आणि इतरांची पॅकेट गुपचूप टाकून देतो. 2000 साली स्टॅनफर्डच्या चौघा संशोधकांनी यावर 'वॉचडॉग' सुचवला. शेजाऱ्याला पॅकेट दिलं की प्रत जवळ ठेवायची आणि त्यानं ते पुढे पाठवल्याचं ऐकू येतं का, कान देऊन बसायचं. ठरावीक वेळेत ऐकू आलं नाही तर त्याच्या नावावर एक चूक. चुका मर्यादेबाहेर गेल्या की त्याला वगळून दुसरा रस्ता. त्यांच्या सिम्युलेशनमध्ये 40 टक्के नोड बिघडलेले असतानाही थ्रूपुट 17 टक्क्यांनी वाढला. गंमत म्हणजे कामचुकाराला शिक्षा काही नाही, उलट ओझं कमी! पलटणीत असं सुरू केलं तर दुसऱ्या दिवशी सगळेच बहिरे होतील.

कॅप्टन खूश होता. मी त्याला वाळवंटातला एक सराव सांगितला.

मी तेव्हा लेफ्टनंट. टेकाडावर रिले सेटवर एक नाईक होता. माझा निरोप त्यानं पुढच्या ठाण्याला द्यायचा. तीन वेळा मला त्याचा आवाज आलाच नाही, नुसती खरखर. बॅटरी वाचवतोय असं धरून मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. "साब, भेजा था," एवढंच तो म्हणाला.

रात्री पुढच्या ठाण्याची लॉगशीट आली. तिन्ही निरोप, वेळेसकट. माझ्याजवळचा दुसराच एक सेट त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत होता. टक्कर माझ्या कानापाशी होत होती, पलीकडे सगळं स्वच्छ पोचत होतं.

वॉचडॉगची ही खोट त्या चौघांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. उलटंही होतं: टक्कर पलीकडे झाली तर निरोप हरवतो आणि इथे मात्र सगळं ठीक दिसतं. म्हणून पुढे काहींनी शेजाऱ्याच्याही पलीकडच्या नोडकडून पोच मागवायची पद्धत काढली. पोचेचाही खर्च असतोच, पण निदान लॉगशीट हातात येते.

कॅप्टननं टिपून घेतलं. मग हळूच विचारलं, "सर, त्या नाईकाची माफी मागितलीत?"

मागितली होती. तंबूत बोलावून, दोघंच असताना.