घरी कोण आहे?

कुंभकोणमच्या एका मराठी घरात भर दुपारी कडी वाजली. घरच्या मावशींनी आतूनच तमिळमध्ये सांगितलं, घरी कोणी नाही. आम्ही दोघी तर माजघरात कॉफी पीत बसलो होतो! पुरुषमाणूस बाहेर असलं की बाईनं असंच म्हणायचं. माझी आजी साताऱ्यात हेच म्हणायची. तंजावरकडे आलेल्या मराठी घराण्यांची भाषा बदलली, पण हे वाक्य टिकलं.

दोन वर्षं नुसती टिपणं काढत होते, ती कादंबरी त्या दुपारी सुरू झाली.

कादंबरीचा काळ हैदर अलीच्या स्वारीचा. १७८१ साली त्याची फौज कावेरीच्या खोऱ्यात उतरली. तंजावरचे मराठा राजे तुळजाजी यांच्याकडे किल्ला तेवढा उरला. बाकी मुलूख गेला. बंधारे फोडले, गुरं हाकून नेली. आदल्या वर्षी १ कोटी २७ लाख कलम (इथलं धान्याचं माप) भात पिकलं होतं, त्या वर्षी १६ लाखसुद्धा नाही. फेब्रुवारी १७८२ मध्ये कुंभकोणमजवळच, अण्णागुडीला, हैदरच्या मुलानं, टिपूनं, इंग्रजांच्या कर्नल ब्रेथवेटच्या फौजेला शरण आणलं. पळवून नेलेल्या मुलांचा आकडा मिशनरी श्वार्ट्झनं १२,००० दिला आहे. त्या मुलांच्या आयांपैकी एकीचंही नाव मला सापडलं नाही.

माझ्या नायिकेचं नाव गोदा. कावेरीकाठी राहणारी, नाव मात्र गोदावरीचं. पहिल्या खर्ड्यात मी तिला घोड्यावर बसवलं होतं. ऐतिहासिक कादंबरीत बाई मोठी करायची तर तिच्या हाती तलवार द्यायची, ही आपली जुनी खोड. ती पानं मी फाडली.

मावशींच्या माळ्यावर एक मरक्काल निघालं. भात मोजायचं लाकडी माप, लोखंडी पट्ट्यांचं, काठ हातांनी झिजून गुळगुळीत झालेला. बारा मरक्काल म्हणजे एक कलम. रिकामं मापच मला दोन्ही हातांनी उचलावं लागलं. मग कळलं, गोदाचं युद्ध इथे आहे. बियाण्याचं भात किती, ते कुठे पुरायचं, गड्यांना त्यातलं किती द्यायचं आणि लेकरं रडली तरी कशाला हात लावायचा नाही. हे ठरवणारा नवरा परतलेला नाही. त्याच्या मोडी वह्या आहेत. तो लिहायचा तेव्हा ती समोर बसून वाती वळायची, त्यामुळे तिला मोडी येते ती उलटी. वही फिरवून धरली की अक्षरं लागतात.

एके सकाळी अंगणात स्वार येतो, विचारतो, घरी कोण आहे? सवयीचं उत्तर तिच्या ओठांवर येतं. ते गिळायला तिला किती वेळ लागला असेल? मी त्या क्षणाला अडीच पानं दिली आहेत. कुणाला लांबण वाटेल, वाटो. ‘मी आहे’ हे दोन शब्द तिनं आयुष्यात आधी कधी उच्चारलेलेच नाहीत.

पुढचं प्रकरण याहून अवघड आहे. लढाई सरते, दीर परत येतो. पडवीत बसतो, पाणी पितो आणि हिशोबाची वही मागतो. तीन आठवडे झाले, मी तिथेच थांबले आहे. वही गोदाच्या मांडीवर आहे. शेवटची अकरा पानं तिच्या अक्षरात आहेत, आणि ती सुलटी आहेत.