डब्यातले पैसे आणि फोनमधले पैसे



आमच्या भिशीचा हिशोब गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. बी.कॉम. झालेली म्हणून सगळ्यांनी मिळून गळ्यात घातलेलं काम, पण मला ते आवडतं. पूर्वी दर महिन्याच्या पाच तारखेला पाकिटं यायची. कुणाचं लग्नाच्या आहेराचं उरलेलं, कुणाचं चक्क जुन्या लग्नपत्रिकेचं. आता फोन टुणटुण करत राहतो आणि पैसे येत राहतात. मोजायला नको, फाटकी नोट बदलून मागायला नको.

मागच्या महिन्यात वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवायला बसले. आम्ही अठरा जणी. त्यातल्या सात जणींचे पैसे त्यांच्या स्वतःच्या नावाने आले होते. बाकी अकरा जणींचे नवऱ्याच्या, मुलाच्या आणि एकीचे तर जावयाच्या नावाने. वहीत नाव तिचं आणि जमा मात्र दुसऱ्याच्या खात्यातून. रोजकीर्द-खतावणी शिकलेल्या माणसाला हे खटकणारच.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? रोख होती तेव्हाही पैसे त्यांच्याच कमाईचे होते ना? होते. पण एक फरक आहे. तेव्हा ते आधी आपल्या हातात यायचे. घरखर्चाचे म्हणून एक तारखेला मिळाले की पुढे त्यांचं काय करायचं ते आपण ठरवायचो. भाजीत घासाघीस करून पन्नास वाचवले, तर ते पन्नास आपले. रद्दी विकली, आपले. भाऊबीजेला मिळाले, आपले. ते डाळीच्या डब्यात जायचे, तांदळात जायचे, माझ्या सासूबाईंचे तर देव्हाऱ्याखालच्या फळीमागे असत. आता पैसे त्यांच्या फोनमधून निघतात आणि थेट दुकानदाराच्या नाहीतर माझ्या फोनमध्ये पोहोचतात. आपल्या हातात ते थांबतच नाहीत. मग वाचणार काय आणि डब्यात जाणार काय?

हे डबे एकदा सगळ्या देशात उघडे पडले होते, आठवतं ना? ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. पाचशे आणि हजारच्या नोटा बंद. आमच्या गल्लीत दुसऱ्या दिवशी कितीतरी घरांत एकच संवाद झाला असेल, ‘तुझ्याकडे इतके होते?’ कुणी हसून म्हणाले, कुणी रागावून. माझी एक ओळखीची बाई सांगत होती की तिने तीस वर्षं साठवलेले पैसे नवऱ्यासमोर मोजताना तिला चोरी पकडल्यासारखं वाटलं. चोरी कसली! काटकसर होती ती. पुढे हे प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं, ते फार थोड्यांना माहीत आहे. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने नोटबंदीत २ लाख ११ हजार ५०० रुपये बँकेत भरले. आयकर खात्याने ते उत्पन्न धरलं. २०२१ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने तिच्या बाजूने निकाल दिला. गृहिणींनी नोटबंदीच्या काळात भरलेली अडीच लाखांपर्यंतची अशी रक्कम त्यांची घरखर्चातली बचत मानावी, असं त्यात होतं. मी तो निकाल पेपरात वाचला तेव्हा कात्रण कापून ठेवलं. डाळीच्या डब्याला मिळालेली ती सरकारी पावतीच आहे.

नोटबंदीनंतर जे सुरू झालं त्याचा एक मोठा सोहळा आपल्या नागपुरातच झाला. १४ एप्रिल २०१७, बाबासाहेबांची जयंती. पंतप्रधान आधी दीक्षाभूमीवर गेले आणि मग मानकापूरच्या स्टेडियममध्ये कार्यक्रम झाला. भीम ॲप आधीच, डिसेंबर २०१६ मध्ये आलं होतं. मानकापूरला भीम-आधार आलं. म्हणजे फोन नको, कार्ड नको, दुकानदाराच्या मशीनवर अंगठा ठेवायचा आणि पैसे द्यायचे. डिजिटल व्यवहार करणाऱ्यांसाठी सरकारने बक्षिसं ठेवली होती, त्यातलं एक कोटीचं पहिलं बक्षीस लातूरच्या एका विद्यार्थिनीला मिळालं. तिने मोबाइलचा १,५९० रुपयांचा हप्ता रुपे कार्डावर भरला होता. एवढ्याचे एक कोटी! आमच्या घरी त्या दिवशी सगळ्यांनी आपापली कार्डं शोधली होती.

अंगठ्याचं ते मशीन मात्र मी भाजीबाजारात आजवर पाहिलं नाही. आणि खरं सांगू, बरंच झालं. भांडी घासून आणि चूल-सिलिंडर करून आमच्या पिढीच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्यात की आधार केंद्रावर तो पोरगा चार-चारदा बोट पुसायला लावतो. बाजारात चाललं ते क्यूआर. गोकुळपेठेत मेथीच्या जुड्यांमध्ये क्यूआरची पाटी खोचलेली असते आणि बोलणारा डबा टोपलीत. मध्यंतरी भाजीवाली मला म्हणाली, ‘थांबा ना काकू, डब्बा बोलूनच नाही राहिला.’ मी थांबले. डबा बोलला तेव्हा तिने मेथी पिशवीत टाकली. तिचं स्वतःचं खातं, स्वतःचा नंबर. शिक्षण चौथी.

आमच्याकडे भांड्याला येते तिचंही तसंच. २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ सुरू झाली तेव्हा अट होती की दीड हजार रुपये तिच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यातच येणार. नवऱ्याच्या खात्यात नाही. योजनेवर लोक खूप बोलतात, निवडणुकीसाठी होती, तिजोरी रिकामी झाली, वगैरे. ते बोलणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण पहिला मेसेज आला तेव्हा ती ओल्या हाताने फोन घेऊन माझ्यापुढे आली होती, ‘काकू, वाचा ना, माझं नाव आहे का?’ होतं. आणि आपण शिकलेल्या, बंगल्यात राहणाऱ्या, भिशीतल्या अकरा जणी!

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने लिहिते आहे ते एका मैत्रिणीमुळे. इतवारीत राहते, लग्नाला चाळीस वर्षं झालेली. यजमान फार हौशी, घरातला प्रत्येक नवा गॅजेट त्यांच्याकडून येणार. विजेचं बिल, गॅसचा नंबर, पाण्याचं बिल, औषधं, मंदिराची वर्गणी, सगळं त्यांच्या फोनवर. ‘तू कशाला त्रास घेतेस’ हे ते प्रेमानेच म्हणायचे. एका सकाळी ते गेले. फोन कुलूपबंद, त्याला त्यांचं बोट लागायचं. घरात माणसं भरलेली, चहा-साखर आणायला रोख नाही. सिलिंडर संपला तर बुकिंग त्यांच्या नंबरवरून. मुलगा पुण्याहून येईपर्यंत तिने नणंदेकडून वीस हजार उसने घेतले. पैसे नव्हते असं नाही, भरपूर होते. पण तिला ओळखणारं त्या फोनमध्ये काहीच नव्हतं. ‘मी स्वतःच्या घरात पाहुणी झाले गं,’ असं ती मला म्हणाली.

हे असं का होतं ते समजून घ्या, फार अवघड नाही. यूपीआय म्हणजे ॲप नव्हे. ॲप कोणतंही असो, ते बँकेत नोंदवलेल्या मोबाइल नंबरला बांधलेलं असतं. सुरू करताना त्या सिमवरून एक मेसेज जातो आणि बँक तपासते की हा नंबर या खात्याचा आहे का. पिन ठरवायला त्या खात्याचं डेबिट कार्ड किंवा आधारचा ओटीपी लागतो. म्हणजे साखळी अशी: आपलं खातं, त्यात आपला नंबर, तो नंबर आपल्या हातातल्या फोनमध्ये. यातली एक कडी जरी दुसऱ्याकडे असली तरी पैसे दुसऱ्याकडे. कितीतरी जणींचं खातं स्वतःच्या नावाचं आहे, पासबुकही कपाटात आहे, पण त्यात नंबर मुलाचा दिलेला आहे. कारण खातं उघडलं तेव्हा त्यांच्याकडे फोन नव्हता. हे आधी बघा.

आता एक नवीन सोय निघाली आहे, यूपीआय सर्कल. २०२४ मध्ये आली. माझा मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘आई, तुला मी माझ्या सर्कलमध्ये घेतो, म्हणजे तुला काही बघायलाच नको.’ मी सगळं वाचून काढलं. त्यात एक माणूस आपल्या खात्यातून पाच जणांपर्यंत खर्च करू देऊ शकतो. पूर्ण परवानगी दिली तर महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजार, एका वेळी पाच हजार. अर्धी परवानगी दिली तर प्रत्येक वेळी मूळ माणसाने आपला पिन टाकून ‘हो’ म्हणायचं. डोळ्यांसमोर आणा: मी गोकुळपेठेत मेथी घेऊन उभी, हे दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत आहेत, आणि ते फोन बघेपर्यंत भाजीवाली आणि मी एकमेकींकडे बघतोय. कॉलेजला जाणाऱ्या नातवासाठी ही सोय झकास आहे. साठी ओलांडलेल्या बाईला मात्र हे पुन्हा एक तारखेला हात पसरण्यासारखं आहे, फक्त हात फोनमध्ये. मुलाला मी सांगितलं, सर्कल नको, तुला आईला काही द्यायचंच असेल तर माझ्या खात्यात टाक. तो हसला, पण आता दर महिन्याला टाकतो.

मंडळात हा विषय काढला की सगळ्याजणी एकच कारण सांगतात, भीती वाटते. फसवतात म्हणे. फसवतात, खरं आहे. पण फसवणारे पुरुषांनाही फसवतात, चांगल्या शिकलेल्यांना फसवतात. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार कायद्यात कुठेच नाही, तरी लोक घाबरून लाखो रुपये पाठवतात. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये त्यावर बोलावं लागलं. मी स्वतः जे पाळते ते सांगते. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त जाण्यासाठी लागतो. कुणी ‘पैसे मिळवायला पिन टाका’ म्हणालं की फोन ठेवायचा. फोनला जोडलेल्या खात्यात मी दहा हजारांच्या वर ठेवत नाही, बाकीचं दुसऱ्या खात्यात, त्याला यूपीआयच नाही. डाळीच्या डब्यात थोडे आणि कपाटात बाकीचे, तेच की! आणि काही घडलंच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० वर फोन. पैसे पुढच्या खात्यांमध्ये पांगायच्या आत रोखायचे, तर मिनिटं महत्त्वाची असतात.

यजमानांबरोबर जे खातं आहे त्यावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ असं लिहिलंय का, तेही पासबुकावर बघून घ्या. नुसतं दोघांचं नाव पुरत नाही. आणि नॉमिनी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. हा विषय घरात काढायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. मी आमच्या यांना सरळ म्हटलं, ‘तुमचा अर्ज आणि माझा अर्ज, दोन्ही एकदमच भरू.’ मग त्यांना काही बोलता आलं नाही.

एक गोष्ट उरतेच, आणि ती तुम्हालाही टोचत असेल. गुप्तदान. मंदिरात आता भंडाराशेजारी क्यूआर लावलेला असतो. सोयीचा आहे, ट्रस्टला मोजदाद सोपी, रोख दोन हजारांच्या वर दिली तर ८०जी ची सवलत मिळत नाही, इथे तो प्रश्नही नाही. पण त्यात देणाऱ्याचं नाव उमटतं. ट्रस्टींना दिसतं, आणि नवऱ्याच्या खात्यातून दिलं असेल तर त्यांच्या फोनवरही मेसेज जातो, इतके रुपये, इतक्या वाजता. आजारी आईसाठी, मुलीच्या अडलेल्या संसारासाठी, मनातल्या कुठल्याशा भावाने बाईने गुपचूप दिलेलं दान, त्याला आता पावती चिकटते. माझ्या सासूबाई अष्टमी-चतुर्दशीला पदराच्या गाठीतून काहीतरी काढून भंडारात टाकत. किती, ते त्यांच्या शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

बाजारात, दुकानात, भिशीत मी फोनच वापरते. भंडारात मात्र नोट टाकते. त्यासाठी महिन्यातून एकदा एटीएमला जाते. शंभर-दोनशेच्या नोटा देणारी मशीन वाढवा, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय, पण आमच्या कोपऱ्यावरच्या मशीनमधून बहुतेक वेळा पाचशेचीच निघते. मग ती घेऊन किराणावाल्याकडे जायचं आणि सुटे मागायचे. तो म्हणतो, ‘काकू, फोनवर टाका ना, सुटे कुठून आणू?’ मी थोडा गूळ घेते, थोडी मूगडाळ घेते, आणि उभी राहते. तो गल्ला चाळून देतो शेवटी.