सामन्याआधीचा तास

स्टेडियम बांधलं की शहराची भरभराट होते, असं सांगणारे लोकप्रतिनिधी जगात सगळीकडे भेटतात. अर्थशास्त्रज्ञ मात्र हा दावा मानत नाहीत. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी संपादित केलेला 'स्पोर्ट्स, जॉब्ज अँड टॅक्सेस' हा ग्रंथ १९९७ साली आला. त्यानंतर अमेरिकेत या विषयावर जो जो नेटाने अभ्यास झाला, त्याचा सूर बहुतेक तोच राहिला आहे. कुटुंबाची करमणुकीवर खर्च करायची ऐपत ठरलेली असते. बास्केटबॉलच्या तिकिटाला गेलेले पैसे एरवी सिनेमाला, जेवणाला किंवा सहलीला गेलेच असते. शहराचं एकूण उत्पन्न वाढत नाही, पैसा फक्त जागा बदलतो.

मी नगररचनाकार आहे आणि मला या जागा बदलण्यातच रस आहे. शहराचा मध्यभाग, ज्याला अमेरिकेत डाउनटाउन म्हणतात, ओस पडला तोही पैशाने आणि माणसांनी जागा बदलल्यामुळेच. १९५० नंतर हमरस्ते झाले, घरं उपनगरात गेली, मागोमाग दुकानं आणि सिनेमागृहं गेली. मध्यभागी उरली ती कार्यालयं. संध्याकाळी पाच वाजता तीही रिकामी होतात आणि मग पदपथावर चिटपाखरू नसतं. तेव्हा प्रश्न असा, की गेलेली वर्दळ उलट फिरवता येते का? येते, असं माझं ठाम मत आहे. पण त्याच्या अटी कडक आहेत आणि बहुतेक शहरं त्या पाळत नाहीत. ज्या शहराने त्यातल्या बऱ्याच पाळल्या, ते सॅक्रामेंटो.

कॅलिफोर्नियाची ही राजधानी, सॅक्रामेंटो आणि अमेरिकन या दोन नद्यांच्या संगमावरची. 'के स्ट्रीट' ही तिची जुनी बाजारपेठ. उपनगरातल्या मॉलशी टक्कर देण्यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या रस्त्यावरून मोटारी बंद केल्या आणि फक्त पादचाऱ्यांसाठी तो मोकळा ठेवला. हेतू चांगला होता, पण चालायला माणसंच येईनात. मग शेजारी 'डाउनटाउन प्लाझा' नावाचा मॉल काढला, पुढे त्याची डागडुजी केली. तोही हळूहळू विझत गेला. २०११ साली के स्ट्रीटवर मोटारी परत आल्या, तेव्हा बऱ्याच दुकानांना कुलपं होती.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीतला शहराचा एकुलता एक संघ, सॅक्रामेंटो किंग्ज, १९८५ पासून उत्तरेला नॅटोमस भागात खेळायचा. तिथलं स्टेडियम म्हणजे मोकळ्या माळावर, पार्किंगच्या डांबरी समुद्रात उभी असलेली एक पेटी. प्रेक्षक गाडीतून यायचे, सामना बघायचे आणि गाडीतूनच घरी जायचे. सामन्याच्या निमित्ताने कोणी चपला घेतल्या नाहीत, की मित्राकडे डोकावलं नाही. तिथे डोकावायला काही नव्हतंच. इतकी वर्षं हजारोंची गर्दी जमूनही स्टेडियमभोवती बाजार म्हणावा असं काही उभं राहिलं नाही.

२०१३ साली हा संघ सिएटलला विकला जायच्या बेतात होता. तेव्हा जो गट पुढे आला, त्याचे प्रमुख विवेक रणदिवे. मुंबईत वाढलेले, एमआयटीत शिकलेले, सॉफ्टवेअर उद्योगात नाव कमावलेले. एनबीएचा संघ हाती घेणारे ते भारतात जन्मलेले पहिले बहुमत मालक. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे सामने झाले, ते अनेक वाचकांना आठवत असतील. भारतातले ते एनबीएचे पहिले सामने. संघ सॅक्रामेंटोत राहिला तो एका अटीवर: २०१७ पर्यंत नवा अरेना, म्हणजे बंदिस्त क्रीडागृह, उभा राहिला पाहिजे. माजी एनबीए खेळाडू असलेले महापौर केव्हिन जॉन्सन आणि नगर परिषद यांनी जागा निवडली ती मरणपंथाला लागलेल्या डाउनटाउन प्लाझाची. मॉलचा मोठा भाग पाडून तिथे 'गोल्डन वन सेंटर' बांधलं आणि ४ ऑक्टोबर २०१६ रोजी पॉल मॅकार्टनीच्या कार्यक्रमाने ते गजबजलं. नाव एका पतपेढीचं आहे. त्या नावासाठी तिने वीस वर्षांचे १२ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं.

अशा प्रकल्पाचे आराखडे समोर आले, की मी आधी तळमजल्याचा नकाशा काढतो. छप्पर, काचा, आसनं नंतर. दारं किती आणि कोणत्या रस्त्यांना? मालाचे ट्रक कुठून आत येणार? प्रत्येक अरेनाला एक पाठ असते. मैफलीचं सामान घेऊन येणाऱ्या कंटेनरांना लांबलचक फाटक लागतं, कचऱ्याला जागा लागते, वातानुकूलनाच्या यंत्रांनाही लागते. ही पाठ ज्या रस्त्याकडे, तो रस्ता मेला. उद्घाटनाच्या छायाचित्रात ती बाजू कधीच नसते.

गोल्डन वन सेंटरच्या रचनेत मला सर्वांत आवडते ती खोली. खेळाचं मैदान रस्त्याच्या पातळीच्या बरंच खाली उतरवलेलं आहे. तुम्ही चौकातून सरळ आत शिरता, तेव्हा आसनांच्या साधारण मध्यावर असता, म्हणजे निम्मे प्रेक्षक खाली आणि निम्मे वर. त्यामुळे साडेसतरा हजार आसनांची ही इमारत शेजारच्या इमारतींच्या अंगावर येत नाही. दर्शनी बाजूला विमानांच्या हँगरला असतात तशी पाच प्रचंड दारं आहेत. संध्याकाळी समुद्राकडून, नद्यांच्या त्रिभुज प्रदेशावरून गार वारा येतो. स्थानिक लोक त्याला 'डेल्टा ब्रीझ' म्हणतात. दारं उघडली की तो वारा आत घेता येतो आणि आतला गलका बाहेरच्या चौकात पोचतो. तिकीट नसलेल्या माणसालाही कळतं, की इथे काहीतरी चाललंय. विजेची गोष्टही सांगण्याजोगी आहे. छतावरच्या सौर पट्ट्यांखेरीज मोठा वाटा येतो तो राँचो सेकोच्या सौर प्रकल्पातून. राँचो सेको हे अणुवीज केंद्र होतं. १९८९ साली लोकांनी मतदान करून ते बंद करायला लावलं होतं.

पण इमारत कितीही चांगली असली, तरी परिसर जगतो तो सामन्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तासावर. खेळ सात वाजता असेल, तर साडेपाच ते सात हा वेळ हॉटेलं, बार, कॉफीची दुकानं यांचा. सामना संपल्यावर साडेसतरा हजार माणसं अर्ध्या तासात बाहेर पडतात, आणि ती कुठल्या दिशेने, कशाने आणि किती अंतर चालत जातात, यावर पुढच्या तीनचार गल्ल्यांचं नशीब ठरतं. अरेनाला चिकटून हजारो गाड्यांचं पार्किंग बांधलं की ती सगळी थेट गाडीत बसतात. म्हणजे नॅटोमसच परत बांधलं, फक्त महाग जमिनीवर. सॅक्रामेंटोने ही चूक टाळली. डाउनटाउनमध्ये कार्यालयांसाठी बांधलेली वाहनतळं आधीपासून होती, पाच वाजता ती मोकळी होतात. तीच जागा रात्री प्रेक्षकांना मिळाली. वाहनतळं विखुरलेली, म्हणून माणसंही विखुरली, चार गल्ल्या चालली, वाटेत थांबली. लाइट रेलचे थांबेही चालण्याच्या अंतरावर आहेत. वानखेडेवरचा सामना संपल्यावर चर्चगेट आणि मरीन लाइन्सकडे वाहणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अरेना आणि मोठं स्टेडियम यांत गल्लत करू नये. अमेरिकन फुटबॉलच्या संघाचे साखळीतले घरचे सामने वर्षाला आठ किंवा नऊ. सत्तर हजार माणसं येतात आणि उरलेलं वर्षभर ती अवाढव्य जागा सुनसान. शहराच्या मध्यभागी अशी जागा म्हणजे भोक. बास्केटबॉलच्या एका मोसमात घरचे सामने ४१. त्यात मैफली, आइस शो, पदवीदान समारंभ, अधिवेशनं मिळवली की वर्षातल्या खूप संध्याकाळी दिवे लागतात. शेजारच्या खानावळीला स्वयंपाकी कायमचा नेमता येतो तो या वारंवारितेमुळे. महिन्यातून एकदा येणाऱ्या लाटेवर कोणी आचारी ठेवत नाही.

आता पैशांकडे यायला हवं. एकूण खर्च ५५ कोटी डॉलरच्या घरात गेला, त्यात शहराचा वाटा २५.५ कोटींचा. हा वाटा शहराने मुख्यतः कर्जरोखे काढून उभा केला आणि परतफेडीसाठी पार्किंगचं उत्पन्न दाखवलं. या खर्चावर सार्वमत घ्या म्हणून नागरिकांनी हजारो सह्या जमवल्या. अर्जातल्या तांत्रिक त्रुटींमुळे ती मागणी बाद झाली आणि न्यायालयातही टिकली नाही. मला हे तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. ज्यांचा पैसा वापरायचा, त्यांना विचारण्याची भीती वाटावी इतका तो प्रकल्प कच्चा नव्हता.

पार्किंगच्या भरवशाची परीक्षा २०२० मध्ये झाली. कोविडमुळे सामने थांबले, राज्य सरकारचे कर्मचारी घरून काम करू लागले, वाहनतळं रिकामी पडली. कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहिला. नॅटोमसच्या जुन्या, बंद पडलेल्या स्टेडियममध्ये तात्पुरतं रुग्णालय उभारावं लागलं. २०२२ मध्ये ते स्टेडियम पाडलं गेलं. महासाथ ओसरली, पण के स्ट्रीटची दुपारची वर्दळ पूर्वीसारखी परतली नाही. अरेना संध्याकाळ सांभाळतो. जेवणाच्या सुट्टीत सँडविच विकणाऱ्या दुकानदाराला त्याचा उपयोग नाही. डाउनटाउनला दोन्ही वेळा गिऱ्हाईक लागतं, आणि ते मिळतं तिथे राहणाऱ्या माणसांकडून. म्हणून अरेनाच्या प्रस्तावासोबत घरांचा प्रस्ताव नसेल, तर मी त्याला अर्धवट समजतो.

सॅक्रामेंटोत के स्ट्रीटच्या जुन्या दर्शनी भिंती राखून मागे नवी घरं बांधली गेली, त्यातली काही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखीव. हे चांगलं झालं. पण अरेनासमोरचं मार्शल हॉटेल, जिथे एकेकटी, हातावर पोट असलेली माणसं महिन्याच्या भाड्याने एकेका खोलीत राहायची, तिथे आज नामांकित साखळीचं हॉटेल आहे. जुनी विटांची भिंत जपली आहे. तिच्या आड राहणाऱ्यांना मात्र दुसरीकडे जावं लागलं. पुनरुज्जीवनाचा हिशेब मांडताना हा रकाना कोणी भरत नाही, आणि भाडी चढल्यावर तो भरता येत नाही. परवडणाऱ्या खोल्यांची जमीन पहिल्या कुदळीच्या आधी बाजूला काढावी लागते.

शहराच्या मधोमध असण्याचा आणखी एक अर्थ मार्च २०१८ मध्ये दिसला. स्टीफन क्लार्क या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि निदर्शकांनी अरेनाची दारं अडवली. सामना मोजक्या प्रेक्षकांसमोर झाला. संपल्यावर रणदिवे मैदानात उभे राहून त्या मृत्यूबद्दल बोलले. नॅटोमसच्या माळावर हे घडलं नसतं. मोर्चा जिथे पोचतो, तिथेच शहराचं केंद्र असतं. म्हणून माझ्या लेखी ती रात्र अरेनाच्या जागेची निवड योग्य ठरवणारी होती. २०२२ च्या मोसमापासून संघ जिंकला की छतावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात सोडतात. त्या मोसमात किंग्जनी सोळा मोसमांच्या खंडानंतर बाद फेरी गाठली आणि झोत पाहायला तिकीट नसलेली कुटुंबंही चौकात जमू लागली.

याउलट डेट्रॉइट. २०१७ साली तिथे लिटल सीझर्स अरेना उघडला. त्याच्याभोवती घरं, दुकानं, कार्यालयं यांची नवी वस्ती होणार, असा गाजावाजा होता आणि सार्वजनिक पैसाही घातला गेला. उघडल्यानंतर अनेक वर्षं त्या वस्तीच्या जागी बहुतांश वाहनतळंच होती. अरेनाची तारीख पाळली जाते, कारण मोसम सुरू व्हायचा असतो. वस्तीची तारीख पाळायला कोणी बांधलेलं नसतं.

वॉशिंग्टनची गोष्ट सर्वांत लांब पल्ल्याची, म्हणून शेवटी. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत तिथल्या सेव्हन्थ स्ट्रीटची वाताहत झाली होती. संघमालक एब पोलिन यांनी बहुतांशी स्वतःच्या पैशाने, मेट्रो स्थानकाच्या अगदी माथ्यावर अरेना बांधला. तो २ डिसेंबर १९९७ रोजी उघडला. मेट्रोमुळे नवं पार्किंग फारसं लागलं नाही, आणि काही वर्षांतच आसपास सिनेमागृहं, उपाहारगृहं, घरं उभी राहिली. तिथली जुनी वस्ती मात्र चिनी लोकांची होती. १९८६ ची रंगीत कमान अजून आहे, कॉफीच्या साखळी दुकानांवर चिनी लिपीतल्या पाट्या आहेत, पण चिनी कुटुंबं वाढत्या भाड्यांपुढे पांगली. जी थोडी उरली, ती मुख्यतः 'वा लक हाउस' या अनुदानित इमारतीतली वृद्ध मंडळी. त्यांना आपल्या सवयीचा चिनी किराणा आणायला बसने व्हर्जिनियाच्या उपनगरात जावं लागतं.

पुढे डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मालकांनी तिथे खेळणारे बास्केटबॉल आणि आइस हॉकीचे दोन्ही संघ नदीपलीकडे, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात नेण्याची घोषणा केली. ज्या परिसराने पंचवीस वर्षं एकाच गर्दीवर आपली घडी बसवली होती, तो हादरला. व्हर्जिनियाच्या विधिमंडळात तो बेत अडकला आणि मार्च २०२४ मध्ये बारगळला. वॉशिंग्टन शहराने ५१.५ कोटी डॉलर नूतनीकरणासाठी कबूल केले, पुढे ८.७५ कोटींना इमारतच विकत घेऊन संघमालकांना भाड्याने दिली आणि बदल्यात संघ २०५० पर्यंत तिथेच राहतील, असं लिहून घेतलं. खासगी पैशाने उभ्या राहिलेल्या अरेनाची किंमत शहराने सव्वीस वर्षांनी चुकती केली. संघ हलणार नाहीत, हे कलम मूळ करारात पुरेशा लांब मुदतीचं असतं, तर यातली बरीच रक्कम सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या घरभाड्यांसाठी वापरता आली असती.